झिल्पी तलावाजवळ फार्महाऊस घेतलं ना भाऊ, मग हे ऐकून घे

अभिनंदन! पण पहिली गोष्ट, सातबारा जमिनीचा आहे, पाण्याचा नाही. नागपूरजवळच्या या मोहगाव झिल्पी तलावाचं पाणी सरकारचं, त्यामुळे रविवारी काठावर कोणी चटई टाकून सावजी मटणाचा डबा उघडला तर लगेच कुत्रा सोडू नको बाप्पा.

मी पहिल्या वर्षी थेट पाण्यापर्यंत काटेरी तार ओढली होती, उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं तशी तार पण पुढे सरकवली (हुशारी बघ माझी), आणि गावातल्या म्हशींची रोजची वाटच बंद झाली. तिसऱ्या दिवशी तार कापलेली आणि माझ्याच गेटसमोर शेणाचा ढीग. मग सरपंचाकडे चहा पिऊन दहा फुटाची वाट सोडली, तेव्हापासून तेच गावकरी गेटवर नजर ठेवून राहिले.

खरा त्रास डीजेवाल्यांचा आणि फुटलेल्या बाटल्यांचा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा स्वतः काठी घेऊन जाऊ नको, ११२ ला फोन कर. आणि तुझे पाहुणे आले की तुझा पण आवाज बंद, नाहीतर कोण ऐकणार तुझं?

दारू पिऊन पाण्यात उतरणारे दिसले की मात्र ओरडच, तिथं भीड नको. २०१७ च्या जुलैत नागपूरकडच्याच वेणा जलाशयात नाव उलटून पोरं बुडाली, आठवतं ना? एक हवा भरलेली टायरची ट्यूब आणि लांब दोर व्हरांड्यात टांगून ठेव, माझ्याकडे आहे.