येरवड्याला दाखल करण्याआधी: भोरच्या रुग्णाला सरकारी उपचार कसे मिळवून द्यावेत?

भोर तालुक्यात राहणाऱ्या तुमच्या थोरल्या चुलतभावांना वर्षभरापासून कानात आवाज येतात, ते घराबाहेर पडत नाहीत आणि खासगी डॉक्टरांचा खर्च आता काकांना झेपत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना येरवड्याच्या मनोरुग्णालयात दाखल करावे का, त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो का आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सामान्य माणसासाठी काही बदलले का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. पुण्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. कोर्टाचा आदेश लागत नाही. दाखल करण्याची वेळ येईलच असेही नाही. कायद्याने बदलले आहे ते पुष्कळ, पण ते मागून घ्यावे लागते.

कोर्टाची धास्ती १९८७ च्या जुन्या कायद्यातून आली आहे. रुग्ण तयार नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश घेऊन भरती करण्याचा मार्ग त्या कायद्यात होता आणि लोकांच्या मनात तोच पक्का बसला आहे. मे २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार रुग्ण राजी असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि त्याला घरी जायचे असेल तर सहसा अडवता येत नाही. तो राजी नसेल आणि त्याच्याकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची देखभाल करणेच त्याला अशक्य झाले असेल, तर कलम ८९ लागू होते. त्यात रुग्णाच्या प्रतिनिधीने अर्ज करायचा असतो, दोघा जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासायचे असते (त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असावाच लागतो) आणि ही भरती ३० दिवसांपर्यंतच असते. शिवाय रुग्णालयाने सात दिवसांच्या आत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांच्या आत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, कळवणे बंधनकारक आहे.

या अर्जावर सही कोणी करायची, यावरून नातेवाइकांत होणारे वाद मी पुष्कळ पाहिले. दोन मेहुणे आणि एक भाऊ ओपीडीच्या बाकावर आवाज चढवून भांडत होते आणि ज्याच्यासाठी हे चालले होते तो त्यांच्या मधोमध न फोडलेला बिस्किटाचा पुडा धरून गप्प बसला होता, हे दृश्य मला आजही स्पष्ट आठवते. खरे तर कायद्याने हा प्रश्न त्याच्याकडेच सोपवला आहे. कलम १४ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकते. त्यासाठी वकील किंवा स्टॅम्पपेपर लागत नाही. तुमचे दादा जरा शांत असतील तेव्हा त्यांनाच विचारा, की आजार वाढला तर तुमच्या वतीने कोणी बोलावे. काकांचेच नाव घेतील असे गृहीत धरू नका.

आता येरवडा. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालयात २,५४० मंजूर खाटा आहेत. राज्यात अशी जुनी सरकारी मनोरुग्णालये चार, बाकीची ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. तीव्र अवस्थेत तिथे उपचार जरूर मिळतात. पण एकदा तिथे ठेवले की घरच्यांचे येणे हळूहळू कमी होते, आणि बरा झालेला माणूस केवळ न्यायला कोणी नाही म्हणून मागे राहतो. कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला, तरी अशा बऱ्या झालेल्यांसाठी पुरेशी निवासगृहे उभी राहिली नाहीत. त्यांना भिक्षेकरी गृहांत हलवण्याचा प्रकार थांबवा, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले. म्हणून सुरुवात ओपीडीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओपीडीसाठी ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय गाठावे. सकाळी लवकर केसपेपर काढा आणि आधीच्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटेही सोबत न्या, कारण काय दिले होते यापेक्षा काय दिल्याने फरक पडला नाही, हे डॉक्टरांना आधी हवे असते. पहिल्या दोन-तीन खेपा पुण्याला कराव्या लागतील. पण औषध वर्षानुवर्षे घ्यायचे असते आणि दर महिन्याला एसटीने स्वारगेट, तिथून पुढे पीएमपी, दोघांची बुडालेली मजुरी, हे कोणालाच फार दिवस जमत नाही. माझ्या पाहण्यात औषध सुटण्याचे सर्वांत मोठे कारण हा प्रवासच होते. भोंदूबाबाचा क्रमांक त्यानंतर.

नेमके इथेच कलम १८ कामाला येते. उपचारासाठी दूर जावे लागू नये अशी जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे आणि आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारावरील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीपासून, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वर, नेहमी मोफत मिळाली पाहिजेत असे म्हटले आहे. १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतूही हाच. प्रत्यक्षात ऐन महिनाअखेरीस साठा संपतो आणि कागदावर ‘बाहेरून’ असा शेरा पडतो. आमच्याकडेही तो पडत असे, आणि तो घेऊन मेडिकलच्या दुकानात न जाता थेट गावी परतणारे लोक मी पाहिले आहेत. तेव्हा तब्येत स्थिर झाल्यावर डॉक्टरांकडून आजाराचे नाव, औषध, मात्रा आणि पुढची तपासणी कधी, हे लिहिलेले पत्र घ्या, ते भोरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना द्या आणि पोच घ्या. औषध नाही म्हटले तर अर्जात कलम १८ चा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. तोंडी तक्रारीने काही हलत नाही.

दादा दवाखान्यात यायलाच नकार देत असतील, तर घरच्यांनी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीवर, फोन करावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. आवाज ऐकू येणाऱ्या माणसाशी वाद न घालता त्याला डॉक्टरांपर्यंत कसे आणावे, हे समुपदेशक नीट सांगतात. औषधोपचाराची जागा मात्र ती घेऊ शकत नाही. तोवर जेवणात गुपचूप गोळ्या मिसळू नका, कळले तर ते घरचे अन्नही सोडतील. आणि उपचारात देतात त्या विजेच्या शॉकच्या भीतीने काकू अडून बसल्या असतील तर त्यांना सांगा, की भूल न देता शॉक देण्यास आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास कलम ९५ ने बंदी आहे.