एमटेकला नाव घालण्याआधी लॅब बघून ये

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कॉलेजांची यादी पाहिली. मेहनत घेतली आहेस, पण सगळी यादी पॅकेजच्या रकान्यावरून लावलीस, तिथे माझी हरकत आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि ड्राइव्ह्ज, म्हणजे वीज हवी तशी बदलून मोटर चालवण्याचा विषय, त्याबाबतीत तो रकाना फारसं काही सांगत नाही. जाहिरातीत झळकणारं पॅकेज बरेचदा सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या मुलाचं असतं.

त्यापेक्षा एक कर. ओपन डेला नको, साध्या कामाच्या दिवशी दुपारी लॅबमध्ये जा. पुण्याच्या सीओईपी कॉलेजात जा, यादीतल्या बाकीच्या कॉलेजांतही जा. सेकंड इयरची मुलं काय करत बसली आहेत ते बघ. गेल्या बॅचने बनवलेला इन्व्हर्टर (डीसीचा एसी करून मोटर फिरवणारा) दाखवा म्हण, आणि तो लोडवर चालतो का ते विचार. नुसता पेटलेला एलईडी बघून परत येऊ नकोस. मोटरला जोडलेला लोड आहे का, ऑसिलोस्कोपला, म्हणजे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपला, लावायचा करंट प्रोब आहे का, अर्थला न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजणारा डिफरन्शियल प्रोब आहे का? की प्रोब कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे?

डिफरन्शियल प्रोबचा मी एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. साध्या प्रोबची काळी क्लिप स्कोपच्या आतून थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती तू इन्व्हर्टरमधल्या वरच्या आयजीबीटीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, एमिटर टोकाला लावलीस की झालाच शॉर्ट. मग पोरं शक्कल लढवतात: स्कोपच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. शॉर्ट टळतो खरा, पण आता स्कोपची अख्खी बॉडी डीसी बसवर, म्हणजे इन्व्हर्टरला डीसी पुरवणाऱ्या लाइनवर असते. ४१५ व्होल्ट थ्री फेज रेक्टिफाय केले, म्हणजे एसीचे डीसी केले, की बसवर ५८५ च्या आसपास व्होल्टेज येतं, आणि ते नॉब फिरवणाऱ्या हाताची वाट बघत असतं. अशी पिन काढलेला स्कोप दिसला तर त्या कॉलेजवर सरळ काट मार. तिथे पैशांची अडचण असेलही, पण शिकवणाऱ्याचं लक्ष नाही हे त्याहून वाईट.

तू म्हणतेस, सिम्युलेशन तर घरीही करता येतं, मग लॅबचं एवढं काय? डेड टाइमचंच घे. इन्व्हर्टरच्या एका लेगमधले, म्हणजे एका फेजच्या जोडीतले, दोन्ही स्विच एकदम चालू राहिले तर बस शॉर्ट होते, म्हणून एक बंद करून दुसरा चालू करण्याच्या मध्ये आपण थोडा वेळ सोडतो, समज दोन मायक्रोसेकंद. स्विचिंग १० किलोहर्ट्झ असेल तर हिशेब कर: २ मायक्रोसेकंद गुणिले १०,००० गुणिले ५८५, म्हणजे जवळजवळ १२ व्होल्टची चूक. मोटर ५० हर्ट्झवर पळत असताना ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण २ हर्ट्झवर मोटरला द्यायचं लाइन व्होल्टेजच जेमतेम १७. तिथे करंटचा साइन वेव्ह शून्याजवळ चपटा होतो, पाचवा आणि सातवा हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पाचपट-सातपट लहरी) डोकं वर काढतात आणि शाफ्ट अडखळत फिरतो. सिम्युलिंक या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधले स्विच तू आदर्श धरलेस तर यातलं काहीच दिसणार नाही. खरी मोटर हळू फिरवून, शाफ्टवर बोट न ठेवता (हे मुद्दाम सांगतोय) कपलिंगकडे बघ, लगेच कळेल. मग करंटची दिशा ओळखून भरपाई कशी करायची, आणि शून्याजवळ ती दिशाच नीट कळत नाही तेव्हा काय, असे प्रश्न आपोआप पडतात. माझ्या मते एमटेक करायचं ते असल्या प्रश्नांपायी.

तीन महिन्यांच्या ईव्ही कोर्सबद्दल विचारलंस. बॅटरी पॅकची ओळख होईल, शब्द कानावर पडतील, बाकी फार अपेक्षा ठेवू नकोस. आणि या विषयाला नुसत्या ईव्हीच्या दावणीला बांधूही नकोस. आकुर्डीत चेतक विजेवर आली म्हणून पुण्यात ड्राइव्ह्ज आल्या असं नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून विजेच्या इंजिनावर घाट चढते आहे. आज मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिकांना वरच्या तारेतून २५ किलोव्होल्ट एसी मिळतो, तर हिंजवडीच्या मार्गिकेसाठी ७५० व्होल्ट डीसीची थर्ड रेल. गाडीतली मोटर फिरवायची ती शेवटी इन्व्हर्टरनेच. भोसरी-चाकणच्या शेडमधले पंप, क्रेन, कॉम्प्रेसर तर वेगळेच. स्कूटरची लाट ओसरली तरी कुणाला तरी मोटरचा वेग बदलायचाच असतो.

पैशांचं थोडक्यात. गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा यंदा मनासारखी लॅब मिळाली नाही तर वर्षभर नोकरी कर, घाबरू नकोस. गेटवर एआयसीटीई-मान्य कॉलेजात प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. पुण्यात खोली आणि मेस यांतच ती संपते, पण घरी हात पसरावा लागत नाही. ती वेळेवर येते का हे मात्र कॅन्टीनमध्ये मुलांना विचार, ऑफिसात नको.

गाइड निवडताना पेपरांची संख्या मोजू नकोस. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्याला फोन कर आणि एवढंच विचार: बोर्ड उडाला तेव्हा सर काय म्हणाले? आयजीबीटी उडणारच, प्रत्येकाच्या हातून उडतो. काही जण ओरडतात, काही नवीन मागवून देतात. उडालेला मॉड्यूल टेबलावर ठेवून "आयजीबीटीच्या गेट टोकाची वेव्हफॉर्म दाखव" म्हणणारे थोडे. असे कुणी भेटले तर कॉलेज यादीत तळाला असलं तरी चालेल.

प्रवेशाआधीचे दोन महिने मोकळे आहेत ना? सी भाषा पक्की कर, कंट्रोलचा बोडे प्लॉट (फ्रीक्वेन्सीप्रमाणे प्रतिसाद दाखवणारा आलेख) हाताने काढता येईपर्यंत सराव कर, आणि एक छोटा बक कन्व्हर्टर बनव, १२ चे ५ व्होल्ट करणारा. सुटे भाग तपकीर गल्लीत मिळतील. इंडक्टर तयार घेऊ नकोस, कोअर आणून स्वतः गुंडाळ आणि फुल लोडला किती तापतो ते मोज. लॅब बघून झाल्या की रविवारी तो बोर्ड घेऊनच घरी ये. स्कोप माझ्याकडे आहे, अर्थ पिनसकट.

तुझा,
काका