खेचरं विमानाची पट्टी सपाट करतात, ते कसं?

प्रश्न : नमस्कार काका, मी औशाकडचा शेतकरी. मोबाईलवर अमेरिकेतल्या डोंगरातला व्हिडिओ पाहिला, विमान उतरायची गवताची पट्टी अन् तिच्यावर दोन खेचरं अवजार ओढायलेत. एवढा पैसेवाला देश, मग ट्रॅक्टर का नाही? अन् जनावरांच्या जोरावर पट्टी खरंच नीट राहते का? आमच्या काळ्या रानात जमंल का असं?

उत्तर : दादा, ट्रॅक्टर तिथं कायद्यानंच चालत नाही. १९६४ च्या वाइल्डरनेस अ‍ॅक्टनं राखलेल्या जंगलात रस्ता नाही, मोटारीचं यंत्र नाही, सायकलसुद्धा नाही, पण जिथं आधीपासून विमानं उतरत होती तिथं ती पुढंही उतरू द्यायची सोय त्याच कायद्यात ठेवलीय. आयडाहो राज्यातलं फ्रँक चर्च रिव्हर ऑफ नो रिटर्न जंगल, २० लाख एकरांच्या वरचं, १९८० ला असं राखीव झालं, तेव्हा नेहमीच्या वापरातल्या पट्ट्या राज्याच्या संमतीशिवाय कायमच्या बंद करायच्या नाहीत असंही लिहून ठेवलं. म्हणून विमान उतरतं, पण पट्टी राखायला जनावर अन् माणूस. मला हे फार आवडतं, कारण त्यामुळं हातातली कला जिवंत राहिली.

आता काम. थंडीत जमीन गोठून फुगते अन् दगड वर येतात, ते वेचायचे. खारीसारखे प्राणी बिळं करतात, त्यात विमानाचं पुढचं चाक गेलं तर घात होतो, म्हणून बिळं बुजवून चोपायची. चाकाच्या चाकोऱ्यांत पाणी साचलं की पट्टी खराब व्हायला लागते, तर ते बाजूला काढून द्यायचं. मग जनावरांमागं दाताळं किंवा जड ओंडका फिरवायचा, अन् गवत कापायचं मशीन असं की त्याचं पातं चाकाच्या फिरण्यावरच चालतं, इंजिन नाही. टोकाकडची झाडं दोघांनी ओढायच्या करवतीनं. माती हलवायला जुना फ्रेस्नो स्क्रेपर, १८८३ ला कॅलिफोर्नियात पेटंट झालेला, म्हणजे आपली केणीच समजा, मागं दांडा धरून दाब कमीजास्त करायचा. हे सगळं वाफशावर करावं लागतं, बर्फ वितळल्यावर चिखल आटला पण ओल आहे तेव्हा, कोरड्यात ढेकूळ फुटत नाही अन् ओल्यात खुरांचे खड्डे पडतात. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

काळ्या रानात मात्र नका करू. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पट्टी टिकायला खाली मुरूम पाहिजे. पण गावात केणी धरलेलं कुणी म्हातारं माणूस असंल तर दांड्यावर दाब कधी द्यायचा, कधी सोडायचा हे त्यांच्याकडून आत्ताच शिकून घ्या, बांधालगतच्या ज्या कोपऱ्यात ट्रॅक्टर वळत नाही तिथं ती अजून कामाला येते.