जवच का? तीळ का नाही?

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला. पावसाळ्यात आजी गेली, तेव्हापासून ती दुःखाच्याच कविता वाचते, वहीत अर्थ लिहीत बसते आणि आता एम.ए.ही मराठीतच करायचं म्हणते. "रडक्या कवितांवर पोट भरतं का?" असं तुम्ही विचारलंय. सोबत तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत.

त्या पानावर तुकोबांची ओळ आहे : 'सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें ॥' गाइडात याचा अर्थ 'सुख थोडं, दुःख फार' एवढ्यावर आटपतात. तुमच्या लेकीनं मात्र समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "जवच का? तीळ का नाही?"

या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. एक उत्तर असं, की जव म्हणजे सातूचा दाणा, आणि ते जुनं मापच आहे, आठ जवांचं एक अंगुळ, म्हणजे बोटाची रुंदी. पण 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनीच दुसऱ्या अभंगात सांगितलंय. ज्याच्या घरातलं माणूस दाण्यावाचून गेलं, तो सुख मोजायला दाणाच हातात घेतो. तीळ त्याहून लहान, पण तिळाची भाकरी होत नाही. तुकोबांच्या मनात हेच होतं असं मी ठासून म्हणणार नाही, पण हे दोन अभंग शेजारी ठेवले की 'जव' वाचताना घशाशी येतं. एक शब्द काढून दुसरा ठेवून बघायचा, काय हरवतं ते शोधायचं. तुम्ही मार्केट यार्डात गुळाचा रवा फोडून रंग आणि कण बघता, तितकंच हे डोळ्यांचं आणि सरावाचं काम आहे. तिला ते कुणी न शिकवता येतंय.

आता पोटाचं. एम.ए. दोन वर्षांचं, शिवाजी विद्यापीठात मराठी विभाग आहेच. प्राध्यापकीसाठी एम.ए.ला 55 टक्के (राखीव गटांना 50) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. खरं सांगते, भरती रखडते आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मानधन घेत, उमेदीची वर्षं जातात. म्हणून एकाच वाटेवर बसू देऊ नका. बी.एड., भाषांतर, संपादन यांतलं काहीतरी जोडीला हवंच. तुम्हाला स्पर्धा परीक्षा हवी असेल, तर यूपीएससीला मराठी साहित्य हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो.

जेवण-झोप तुटली असेल, ती कुणाशी बोलतच नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे. तसं नसेल तर वही काढून घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात दोघंही या. येण्याआधी तिनं 'तीळ का नाही' याचं उत्तर दोन पानांत लिहावं आणि आधी तुम्हाला वाचून दाखवावं.