‘प्रोटेस्टंट’ म्हणजे ‘निषेधपंथी’ नव्हे

इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘प्रोटेस्ट करणारे ते प्रोटेस्टंट’ अशी फोड पुस्तकांत दिलेली असते, तर मग मराठीत ‘निषेधपंथी’ असा सरळ शब्द का वापरू नये, आणि ख्रिस्ती धर्मातील या पंथाचे हे नाव जर्मन धर्मसुधारक लूथरने १५१७ मध्ये केलेल्या निषेधावरूनच पडले का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. १५१७ मध्ये मार्टिन लूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रमेये मांडली, पण त्या वेळी कोणालाही कोणी प्रोटेस्टंट म्हटलेले नाही. हे नाव जन्मले ते बारा वर्षांनी, आणि तेही लूथर जिथे हजर नव्हता अशा एका सभेत. १५२६ मध्ये जर्मनीतील श्पायर शहरी भरलेल्या साम्राज्यसभेने, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्यातील राजे आणि शहरे यांच्या सभेने, असे ठरवले होते की, पुढची धर्मपरिषद भरेपर्यंत प्रत्येक राजाने व शहराने देवाला आणि सम्राटाला उत्तर देता येईल अशा रीतीने वागावे. या मोघम वाक्याच्या आधाराने अनेक ठिकाणी लूथरच्या विचारांची नवी उपासनापद्धती रुजली. १५२९ मध्ये त्याच शहरात पुन्हा सभा भरली, तेव्हा सम्राट पाचव्या चार्ल्सचा भाऊ फर्डिनांड तिचा सूत्रधार होता, आणि बहुमताने जुना ठराव रद्द करून नव्या सुधारणांना बंदी घालण्यात आली. अल्पमतातील राजांनी १९ एप्रिलला आपले लेखी म्हणणे मांडले. फर्डिनांड मात्र ते ऐकून घ्यायला थांबलाच नाही. सहा राजे आणि चौदा स्वतंत्र शहरे या म्हणण्यामागे उभी राहिली. त्यांत सॅक्सनीचा योहान आणि हेसेचा फिलिप होता, तशीच न्युर्नबर्ग, स्ट्रासबर्ग आणि उल्म ही शहरेही होती. काही दिवसांनी नोटरींच्या हातून त्याचा रीतसर दस्तऐवजही करण्यात आला.

त्या लेखाचे नाव होते ‘प्रोटेस्टात्सिओ’. आपल्याकडे सहकारी संस्थेच्या सभेत ठराव बहुमताने संमत होताना एखादा सभासद उठून म्हणतो, “माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा”; त्या काळच्या कायद्यात प्रोटेस्टात्सिओ ही जवळपास अशीच गोष्ट होती. बहुमताचा निर्णय आपल्याला बांधू शकत नाही, असे साक्षीपुराव्यासह जाहीर करण्याची ती एक सनदशीर रीत होती. देवाचा मान आणि आत्म्याचे तारण यांच्या बाबतीत प्रत्येकाने स्वतः देवापुढे उभे राहून जाब द्यायचा असतो, तिथे हातांची मोजणी चालत नाही, हा त्या लेखाचा गाभा आहे. घोषणा देत रस्त्यावर उतरणे असा अर्थ त्यात कुठेही नाही.

व्युत्पत्तीही हेच सांगते. लॅटिनमध्ये ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार, ‘टेस्टारी’ म्हणजे साक्ष देणे आणि ‘प्रोटेस्टारी’ म्हणजे उघडपणे साक्ष देणे. हा जुना अर्थ आजही मेलेला नाही. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) काढून पाहा: हुंडीसारखा कागद नाकारला गेला, तर नोटरी त्याबद्दल जो दाखला देतो त्याला तिथे ‘प्रोटेस्ट’ म्हटले आहे. त्या दाखल्यात राग नसतो, घडलेल्या गोष्टीची साक्ष असते.

आता ‘निषेध’ या शब्दाकडे पाहू. आपल्या शास्त्रपरंपरेत निषेध म्हणजे मनाई. अमुक करावे हा विधी आणि अमुक करू नये हा निषेध, म्हणून तर ‘विधिनिषेध’ असा जोडशब्द आहे. मोर्चातला ‘जाहीर निषेध’ हा या शब्दाचा अलीकडचा अर्थ. गंमत अशी की, श्पायरमध्ये या जुन्या अर्थाने निषेध केला तो बहुमताने, कारण बंदी घातली होती ती त्यांनी. त्यामुळे ‘निषेधपंथी’ म्हटल्याने जुन्या अर्थाने भूमिकांची अदलाबदल होते, आणि नव्या अर्थाने एका श्रद्धेची ओळख केवळ तिच्या विरोधापुरती उरते. मला हा शब्द या दोन्ही कारणांनी अयोग्य वाटतो.

शिवाय प्रोटेस्टंट लोक स्वतःला मुख्यतः ‘एव्हांगेलिश’ म्हणवीत, म्हणजे सुवार्तेचे अनुयायी, आणि जर्मनीत त्यांच्या चर्चचे नाव आजही तेच आहे. साम्राज्यातील दोन्ही पंथांत १५५५ मध्ये झालेल्या ऑग्सबर्ग तहातही त्यांचा उल्लेख ‘ऑग्सबर्गच्या श्रद्धानिवेदनाचे अनुयायी’ असा आहे. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पुढे सैल होत गेले आणि जिनिव्हातील धर्मसुधारक कॅल्व्हिनचे अनुयायी, इंग्लंडचे चर्च असे सारे त्यात सामावले. मात्र श्पायरच्या त्या वीरांबद्दल एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याच सभेने प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्या पंथीयांना देहदंड ठरवला, आणि त्याविरुद्ध या वीस जणांनी असा कोणताही लेख दिला नाही.

ओघाने आलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘प्रतिधर्मसुधारणा’, म्हणजे प्रोटेस्टंट सुधारणेनंतर कॅथलिक चर्चने केलेल्या हालचालींना दिलेले नाव. हे जर्मनमध्ये अठराव्या शतकात घडवलेल्या शब्दाचे भाषांतर आहे, आणि त्यामुळे कॅथलिकांनी जे केले ते केवळ प्रत्युत्तर होते असे वाटते. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस याने लूथरच्या आधीच मठांची शिस्त सुधारली होती, हे लक्षात घेता १५४५ ते १५६३ मधील ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेसाठी ‘कॅथलिक धर्मसुधारणा’ हा शब्द अधिक न्याय्य आहे; छळ आणि युद्धे यांच्याविषयी लिहिताना ‘प्रति’ खुशाल लावावे.

म्हणून वर्गात ‘प्रोटेस्टंट’ हाच शब्द ठेवावा आणि त्याचा अर्थ सांगताना ‘साक्ष’ हा शब्द पुढे करावा. मराठी प्रोटेस्टंट मंडळींच्या उपासनेत एखादा माणूस उठून आपला श्रद्धेचा अनुभव सांगतो, त्याला ते आजही ‘साक्ष देणे’ असेच म्हणतात.