वैमानिकाचा अपघात दावा आणि ‘अजून नोकरीत आहे’ हा युक्तिवाद

नमस्कार. तुमच्या मोटार अपघाताच्या भरपाई दाव्यात विमा कंपनीने दिलेल्या लेखी जबाबातलं जे वाक्य तुम्ही कळवलंय ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ‘अर्जदाराच्या डाव्या मनगटाला १८ टक्के अपंगत्व आहे, तो उजव्या हाताने काम करतो व आजही नोकरीत आहे, सबब उत्पन्नाचे नुकसान नाही.’ माझ्या केसमध्ये मनगटाऐवजी खांदा होता, बाकी भाषा हीच. मी वकील नाही, एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होतो. तुमच्या वकिलांचं मत वेगळं असेल तर त्यांचंच ऐका. एफआयआर, पॉलिसी वगैरेंबद्दल बोलत नाही, ते झालेलं असणार.

माझं सर्वांत जास्त नुकसान समोरच्या विमा कंपनीने नाही, माझ्याच एअरलाइनच्या पगार विभागाने केलं. दाखला मागितला तर चार ओळींचं पत्र आलं: नाव, हुद्दा, मूळ वेतन आणि ‘सदर कर्मचारी कंपनीच्या सेवेत आहेत’. बिनपगारी रजेचा उल्लेख नाही, फ्लाइंग अलाउन्सचा (उड्डाण भत्त्याचा) नाही. आपल्या वैमानिकांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा उड्डाणाच्या तासांवर ठरतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने ते पत्र पुढे करून विचारलं, ‘नोकरी आहे ना? हो की नाही?’ हो म्हणावंच लागलं. दुरुस्त पत्र मागितलं की एचआर म्हणायचं लीगलला पाठवलंय, लीगल म्हणायचं एचआर देईल. एअरलाइनला या दाव्यात एक पैसाही द्यावा लागणार नव्हता, तरी खरं आहे तेवढं लिहून द्यायला कुणी तयार होईना. त्याचा राग आजही येतो. घरात पगार येत नव्हता आणि तारखेवर तारीख पडत होती.

शेवटी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून साक्षी समन्स काढून पगार विभागाच्या माणसाला रेकॉर्डसह बोलावलं. त्याने अपघाताआधीच्या आणि नंतरच्या नोंदी समोर ठेवल्या आणि ‘नोकरीत आहे’ हा मुद्दा तिथेच संपला. म्हणून माझं ठाम मत: एअरलाइनकडे एकदाच लेखी मागा, पोच ठेवा, उत्तर गुळमुळीत आलं तर विनवण्या न करता समन्ससाठी अर्ज द्या. मागताना महिनावार मूळ वेतन, फ्लाइंग अलाउन्स, उड्डाणाचे तास आणि बिनपगारी रजा कोणत्या तारखेपासून व कशामुळे, एवढं स्पष्ट लिहा. वर्षभराच्या तरी नोंदी हव्यात, नाहीतर सर्वांत कमी तासांचा महिना उचलून तोच तुमचा पगार म्हणून दाखवतील. फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) यांचा मेळ बसला पाहिजे. लेओव्हरचा (बाहेरगावच्या मुक्कामाचा) जेवणखाण भत्ता मात्र मागू नका. तो खर्चासाठी असतो, आणि तो घुसडला की बाकीच्या आकड्यांवरही संशय येतो.

आता ते १८ टक्के. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईच्या क्षमतेचं नुकसान असं आपोआप धरायचं नाही, माणसाचा व्यवसाय बघायचा. त्यातलं उदाहरणच हाताचं आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचं नुकसान जवळपास शंभर टक्के, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेलही. तुम्हीही ए३२० वरच आहात, म्हणून हे साध्या शब्दांत प्रतिज्ञापत्रात येऊ द्या: सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर साइडस्टिक (विमान वळवायची दांडी) उजव्या हातात आणि थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) डाव्या हातात. कमांड मिळून, म्हणजे कॅप्टन होऊन, डाव्या सीटवर गेलात की साइडस्टिकच डाव्या हातात येते. म्हणजे डावं मनगट दोन्ही सीटवर लागतं. कॉकपिटचा फोटो जोडा. न्यायाधीशांनी कॉकपिट पाहिलेलं असेलच असं नाही. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) वैमानिकांच्या क्लास वन मेडिकल तपासणीमध्ये अनफिट ठरवल्याची प्रमाणित प्रतही लावा, कारण उडायचं की नाही हे डॉक्टरांच्या टक्केवारीवर नाही, त्या असेसमेंटवर ठरतं.

पुढे फिट झालात तरी नुकसान त्या तारखेला थांबत नाही. रिसेन्सी (अलीकडे उड्डाण केलेलं असण्याची अट) गेलेली असते, सिम्युलेटर, चेक, मग रोस्टर. तो काळही मागा. ग्राउंडवरचं काम मिळालं तर लपवू नका, त्यातली कमाई सांगून फरक मागा. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर येतंच.

तुमचं वय ३४, म्हणजे सरला वर्मा (२००९) निकालाप्रमाणे गुणक १६, म्हणजे वार्षिक नुकसानाला ज्या आकड्याने गुणायचं तो. उत्पन्नातली भविष्यातील वाढ जखमींनाही मिळते, त्यासाठी पप्पू देव यादव (२०२०) हा निकाल वकिलांना दाखवा. कमांडचा पगार मात्र कागदोपत्री पुराव्याशिवाय धरू नका.

जाता जाता: लॉस ऑफ लायसन्स पॉलिसी (उडण्याचा परवाना गेल्यास पैसे देणारा विमा) असेल तर तिच्या फॉर्ममधल्या तारखा आणि या दाव्यातल्या तारखा एकच असू द्या.

आणि ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांनाच साक्षीला आणा. नुसतं सर्टिफिकेट लावून भागत नाही, आणि डॉक्टरांची बदली झाली किंवा ते हॉस्पिटल सोडून गेले की शोधणं फार जड जातं. पुढच्या तारखेच्या आधी त्यांना भेटून घ्या.