कमी कामं हाती घेतली तर काम खरंच सुधारतं का?

विचारलंय की नोकरी, यूट्यूब चॅनल, शेअर बाजार आणि जर्मनचा क्लास असं सगळं एकदम चाललंय, एकही धड होत नाही, तर कमी गोष्टी धरल्याने फरक पडेल का.

पडेल. चारांतल्या दोन आजच सोडा.

आमची गोव्यात डिचोली तालुक्यात चित्रशाळा आहे, म्हणजे गणपतीच्या मूर्ती करायची जागा, वडिलांपासूनची. गणपती चिकण मातीचेच. घरोघरची माणसं आपला पाट आणून देतात, त्यावर त्यांची मूर्ती करायची. २०१६ साली मी असे १३२ पाट घेतले. वर एका मंडळाची पाच फुटी मूर्ती आणि त्यांच्याच नाटकाचे दोन पडदे. मूर्ती उभी करायला वेळ लागत नाही, खरं काम पुढे असतं. माती ना ओली ना सुकी अशी असते तेव्हाच सोंड, कान, बोटं साफ करून घ्यायची. ती वेळ हुकली की वरून लावलेली माती धरत नाही. आतली आक्रसून बसलेली असते, नवी मागाहून आक्रसते आणि जोडावर तडा जातो. आषाढ-श्रावणातल्या आमच्या पावसात ती वेळ रोज हात लावूनच कळते. मी तेव्हा पडदे रंगवत होतो. शेवटी घाईने बल्ब लावले. मूर्ती वरून सुकल्या, आत ओल्याच.

हरितालिकेच्या संध्याकाळी पलीकडच्या वाड्यावरच्या आजी नातवाला घेऊन आल्या. सोंडेच्या मुळाशी केसाएवढा तडा. भंगलेली मूर्ती पूजेला कशी द्यायची? एक जास्तीची होती, ती दिली. आजी रागावल्या नाहीत. पाटाच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पाट आमचा नव्हे रे हा." बाबांच्या वेळेपासून येणारा त्यांचा पाट पुढच्या वर्षी आला नाही.

तेव्हापासून मी ६० वर थांबतो. मंडळ नाही, पडदे नाहीत. २०१७ला एकाच मूर्तीला तडा गेला, तोही नागपंचमीआधी दिसला, दुसरी करता आली.

दादाचं अजून तेच: आलेला पाट परत पाठवू नये, बाबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. दादा पणजीत नोकरीला, चवथीला दोन दिवस येतो.

तुमच्या चारांतलं कोणतं सोडायचं ते मी कसं सांगू? ज्याला रोज हात लावावा लागतो ते ठेवा. लक्ष एकवटायच्या युक्त्या शिकवणाऱ्यांना पैसे देऊ नका. पहाटे चारला उठूनही १३२ मूर्तींना रोज हात लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. आमचं थोडं कुळागर आहे, सुपारीवर घर चालतं, म्हणून मला पाट परत पाठवणं जमलं. डोक्यावर कर्ज असेल तर नोकरी सोडू नका.

आणि बाबांची १९९४ची वही मला माळ्यावर सापडली आहे. ५२ नावं, खाली रेघ. रेघेखाली आणखी नऊ नावं, प्रत्येकापुढे बाबांच्या अक्षरात 'परत'. दादा, आलास की दाखवतो.